दहा वाजताचा अर्धा तास

तळ्यावरचं धुकं कुठे संपतं आणि रेशीम कारखान्याची वाफ कुठे सुरू होते, हे आमच्या गावात कुणाला सांगता यायचं नाही. दोन्ही पांढरी, दोन्ही संथ. सकाळी शाळेच्या खिडकीत उभं राहिलं की वाटायचं, खालचं गाव अजून कुणीतरी पाहत असलेलं स्वप्न आहे आणि त्याला हाक मारून उठवू नये.

युद्ध संपून सहा वर्षं झाली होती. मी पाचवीच्या वर्गाला शिकवत होते. शाळा टेकाडावर, कारखाना खाली, मधे तुतीच्या झाडांमधून उतरणारी वाट. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या आया त्या कारखान्यात होत्या. कढत पाण्याच्या कुंडीसमोर बसायचं, पाण्यात उकडलेले कोष फिरवायचे, धाग्याचं टोक शोधायचं, चार-पाच टोकं एकत्र करून वरच्या रहाटाला द्यायची. दिवसभर तेच. संध्याकाळी त्यांची बोटं पांढरी फटक आणि सुरकुतलेली असायची. मुलं मला सांगायची, "बाई, आईचे हात आमच्या आजीपेक्षा म्हातारे आहेत."

माझ्या वर्गाच्या मागच्या भिंतीशी रोज तीन-चार मुली उभ्या असायच्या. शिक्षा म्हणून कुणाला उभं केलेलं नसायचं. त्यांच्या पाठीवर धाकटी भावंडं बांधलेली असायची, आणि बसलं की बाळ रडतं, म्हणून त्या उभ्याने शिकायच्या. उभ्या उभ्या डुलायच्या. मी अपूर्णांक समजावत असताना ती रांग तळ्याकाठच्या लव्हाळ्यासारखी हळूहळू इकडून तिकडे व्हायची. कधीकधी मलाच जांभई यायची, आणि मुलं हसायची.

त्या रांगेत मित्सुए होती. दहा वर्षांची, बोलायला कमी, बघायला फार. पाठीवर पाच महिन्यांचा ताकेजि. वडील वरच्या खोऱ्यात धरणाच्या कामावर, वर्षातून दोनदा घरी येणारे. आई योशिनो कारखान्यात तिसऱ्या रांगेत. ती भोंग्याआधी बाळाला पाजून जायची आणि सुटल्यावर पाजायची. दुपारचं जेवण बायका आतच उरकायच्या, फाटक उघडत नसे. मधल्या वेळात मित्सुए ताकेजिला तांदळाची पेज भरवायची.

नोव्हेंबरात गावची परिचारिका मुलांची वजनं घ्यायला आली. तिने ताकेजिला काट्यात ठेवला, काटा पाहिला, पुन्हा पाहिला. मग मला बाजूला बोलावून म्हणाली, "महिनाभरात तोळाभरसुद्धा वाढला नाही. आईचं दूध आटत चाललंय. दोनदा पाजून दूध टिकत नसतं. दिवसा मधे पाजलं नाही तर हा हिवाळा त्याला जड जाईल."

ती हळू बोलली होती, पण मित्सुए तिथेच उभी होती. डुलायची थांबली होती.

त्याच आठवड्यात नागरिकशास्त्राच्या तासाला कामगार कायद्याचा धडा होता. कायदा नवा होता, विषयही नवा, आणि खरं सांगायचं तर शिकवणारी मीही नवीच होते. मी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं आणि त्याच्या चोवीस फोडी केल्या.

"हा एक दिवस," मी म्हटलं. "यातल्या आठ फोडी कामाच्या. त्याहून जास्त मालकाने घ्यायच्या नाहीत. आठवड्यातून एक आख्खं वर्तुळ सुट्टीचं."

सोबा शेवया विकणाऱ्याचा गेंझो लगेच उठला. "बाई, आमचे बाबा पहाटेपासून कणीक तिंबतात. त्यांच्या चौदा फोडी होतात."

"तुझ्या बाबांचा मालक कोण?"

"बाबाच."

"मग त्यांनी स्वतःशी भांडावं."

"ते रोज भांडतात, बाई. पण जिंकतं ते दुकानच!"

वर्ग हसला. मी पुढे सांगत गेले. पंधरा वर्षांच्या आतल्या मुलाला कारखान्यात कामाला ठेवायचं नाही. पगार ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, बापाच्या किंवा दलालाच्या नाही. कामावरून काढायचं तर तीस दिवस आधी सांगायचं. कुणाला मारून, धमकावून, कोंडून राबवायचं नाही. बाळंतपणाच्या आधी सहा आठवडे, नंतर सहा आठवडे रजा. आणि हा कायदा कारखान्यात सगळ्यांना दिसेल असा लावायचा.

"आमच्या आईच्या कारखान्यात लावलाय," कुणीतरी म्हणालं. "घड्याळाच्या वर. शिडी लावून वाचावा लागतो."

मग मी एका फोडीचा अर्धा भाग पिवळ्या खडूने रंगवला, आणि समोरच्या बाजूला आणखी एक. "ज्या आईचं मूल वर्षाच्या आतलं आहे, तिला जेवणाच्या सुट्टीखेरीज दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास मिळतो. बाळासाठी."

मागच्या रांगेतून मित्सुएचा आवाज आला. वर्षभरात तिने स्वतःहून विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

"बाई, तो अर्धा तास कुणाचा? आईचा की बाळाचा?"

मुलांना उत्तर येत नाही तेव्हा ती खाली बघतात. मीही खडूकडे बघितलं. म्हटलं, "उद्या सांगते."

त्या संध्याकाळी ते कलम मी तीनदा वाचलं. लहानसंच होतं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "आईने मागितला तर आईचा."

"आणि नाही मागितला तर?"

"मग कुणाचाच नाही. नुसता पडून राहतो."

तिने पाठीवरचं बाळ वर सरकवलं. मग म्हणाली, "कोषातल्या किड्यासारखा."

मला वाटलं, हे सोपं आहे. पोरीने बाळाला दहा वाजता फाटकाशी न्यावं, आई बाळाला बघेल, मुकादमांना विचारेल, झालं. मुख्याध्यापकांना सांगून मी मधली सुट्टी दहाला आणली आणि मित्सुएला पाठवलं. शिकवताना कितीदा तरी आपण असंच धरून चालतो, की सांगितलं म्हणजे झालं.

मित्सुए उतार उतरून गेली, फाटकाशी उभी राहिली आणि दरवान मोमोसे आजोबांना कमरेत वाकून नमस्कार केला. आजोबांनी टोपी काढून नमस्कार केला. तिने पुन्हा केला, त्यांनी पुन्हा केला. मग त्यांनी शेगडीतलं भाजलेलं रताळं काढून निम्मं तिला दिलं. ती रताळं खाऊन परत आली.

"आजोबांना सांगितलंस का, कशाला आलीस ते?"

"त्यांनी विचारलं नाही, बाई."

दुसऱ्या दिवशीही रताळं. तिसऱ्या दिवशी मीच मोमोसे आजोबांना गाठलं.

"गुणी पोर आहे," ते म्हणाले. "भावाला वाफ दाखवायला आणते. वाफ बघून लहान मुलं गप्प राहतात."

"आजोबा, ती आईला भेटायला येते. बाळाला पाजायला."

त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा. आणि मी त्याच्या तोंडाशी रताळं नेलं." मग म्हणाले, "पण बाई, आतून कुणी सांगितल्याशिवाय मी कसा सोडू? आणि योशिनो तर तिला रोज खिडकीतून बघते."

बघत होती! मग बोलत का नव्हती?

आमच्या गावात बायकांशी मनातलं बोलायचं तर जागा एकच, गरम झऱ्याचं सार्वजनिक न्हाणीघर. त्या संध्याकाळी योशिनो गळ्यापर्यंत पाण्यात बसली होती. डोक्यावर घडी केलेला पंचा, डोळे मिटलेले. वाफेत तिचा नुसता चेहरा तरंगत होता. पलीकडे ओतोकु आजी, साठीच्या, तिसऱ्या रांगेतल्याच. बारा वर्षांच्या असताना बर्फातून घाट ओलांडून कारखान्यात आल्या होत्या, आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत.

मी पाण्यात उतरले आणि हळूच विषय काढला. योशिनोने डोळे उघडले नाहीत.

"बाई, मला माहीत आहे. मित्सुएने ते कलम वहीत उतरवून आणलं होतं. सुंदर अक्षरात. मी उशीखाली ठेवलंय."

"मग मागत का नाहीस?"

"माझी कुंडी कोण बघेल? शेजारणींना दोन दोन कुंड्या सांभाळाव्या लागतील. कुणाचा धागा तुटला तर बोल तिला लागेल. मी मागितलं तर त्या नाही म्हणणार नाहीत. म्हणूनच मागता येत नाही." मग म्हणाली, "आणि मुकादम हिराबायाशीसाहेबांना वाटलं तर ते स्वतःच सांगतील ना."

ओतोकु आजींनी पाण्यात फुर्रर्र केलं. "आमच्या वेळी असला अर्धा तास वगैरे नव्हता. आमची पोरं ओरडून ओरडून आपोआप गप्प व्हायची."

"आजी, अशाने एखादं मूल जाईल," मी म्हटलं.

"गेलंच की," त्या म्हणाल्या. तेवढंच. मग पंचा पिळून उठल्या आणि वाफेत दिसेनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी मुकादम हिराबायाशींकडे गेले. चाळिशीचा, नीटनेटका माणूस. त्यांनी चहा ओतला. तळं यंदा लवकर गोठणार असं म्हणाले. मी म्हटलं, हो. त्यांनी आणखी चहा ओतला. तुतीच्या पानांबद्दल बोलले. मी सगळं ऐकलं. चहाचा तिसरा पेला संपल्यावर मी म्हटलं, "तिसऱ्या रांगेतल्या योशिनोचं बाळ वाढत नाहीये."

त्यांचा हात टेबलाच्या खणावर गेला आणि तिथेच राहिला.

"कलम मला ठाऊक आहे," ते म्हणाले. "पण तिने मागणी केलेली नाही."

"मग तुम्ही सांगा तिला."

त्यांचे कान लाल झाले. "बाई, बाईमाणसाला मी असं कसं सांगू? तुझ्या बाळाला दूध पाज म्हणून? तिला किती संकोच वाटेल. तिने मागितलं की मी लगेच देईन. एका क्षणात."

"आणि तिने नाही मागितलं तर?"

ते खिडकीतून वाफेकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. आम्ही दोघं चांगली माणसं होतो, आणि खाली एक बाळ पेज पीत होतं.

परत येताना तुतीच्या वाटेवर मला वाटलं, कायदा असाच झोपतो. कुणी दुष्टपणे त्याला मारत नाही. एक जण म्हणतो, ती बोलेल. दुसरी म्हणते, ते बोलतील. आणि मधल्या मऊ, पांढऱ्या सभ्यतेत तो गुरफटून पडतो. तिच्या वतीने मी मागणी लिहून दिली असती, पण मागायचं तिनेच होतं. तेवढी एकच गोष्ट कायद्याने तिच्यावर सोडली होती.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बर्फ पडलं. दहा वाजता मित्सुए निघाली तेव्हा मी छत्री घेऊन तिच्याबरोबर गेले. वाट नव्हतीच, नुसता उतार होता, आणि सगळीकडे इतकी शांतता की आमचे श्वास आम्हाला मोठे वाटत होते. ताकेजि पाठीवर अगदी गप्प. दोन दिवस तो रडलाही नव्हता. त्याच गप्प राहण्याची मला भीती वाटत होती.

मोमोसे आजोबांनी आम्हाला पाहिलं. नमस्कार केला नाही. रताळंही काढलं नाही. त्यांनी फाटक उघडलं आणि म्हणाले, "बर्फात मूल उभं करायचं नाही. जरा शेकायला आत या. ही काही परवानगी नव्हे, ही थंडी आहे."

त्यांची चौकी कामाच्या दालनाला लागूनच होती, आणि मधलं दार वाफेने फुगून नीट मिटत नसे. मित्सुए शेगडीपाशी थांबली नाही. ती त्या दारातून सरळ आत गेली. मी तिच्यामागे.

आत सगळं पांढरं होतं. वाफेत बायकांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या, रांगेमागे रांग, आणि वर शेकडो रहाट एकसारखे गुणगुणत फिरत होते. उकडलेल्या कोषांचा तो गोडसर, कुबट वास. मित्सुए त्या वाफेत अशी चालली होती की जणू तिला वाट रोजची आहे. मग माझ्या लक्षात आलं, वास तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी आई हाच वास घेऊन घरी यायची.

ताकेजिनेही तो ओळखला. त्याने डोकं उचललं आणि टाहो फोडला.

तिसऱ्या रांगेत योशिनोची पाठ ताठ झाली. तिने वळून पाहिलं नाही. हात कुंडीतच होते. पण तिच्या कपड्यावर छातीशी दोन ओले डाग उमटले आणि बघता बघता पसरले. आटत चाललेलं दूध त्या आवाजाला धावलं होतं. तिच्या रहाटावरचा धागा तुटला. तुटलं टोक पाण्यात गेलं, आणि तिने ते शोधलं नाही.

ती उठली. हिराबायाशी रांगेच्या टोकाला उभे होते, पण त्यांच्याकडे तिने पाहिलंच नाही. कायद्याने सांगितलं होतं मालकाकडे माग. ती मात्र आपल्या रांगेकडे वळली, शेजारच्या सहा बायकांकडे, आणि खूप खोल वाकली.

"तुम्हाला त्रास होणार आहे," ती म्हणाली. आवाज इतका बारीक की रहाटांखालून जेमतेम आला. "पण मला अर्धा तास हवाय. दहा वाजता. आणि तीन वाजता. हा वर्षाचा होईपर्यंत."

मग ओतोकु आजी म्हणाल्या, "एवढंच? एवढी वाकलीस, मला वाटलं कारखानाच मागतेस." आणि हात लांब करून त्यांनी योशिनोची कुंडी आपल्याकडे ओढली. पलीकडच्या बाईने तुटलेलं टोक शोधायला घेतलं. तिसरी म्हणाली, "कधीची वाट बघत होतो गं. आम्ही आधी बोललो असतो तर तुला ओशाळं वाटलं असतं."

"मी ऑगस्टपासून..." योशिनो म्हणाली.

हिराबायाशी कधी निघून गेले ते मला कळलं नाही. परत आले तेव्हा त्यांच्या हातात एक कागद होता. त्यावर योशिनोचं नाव होतं, कुंचल्याने सुरेख लिहिलेलं. वेळ दहा, वेळ तीन. खाली त्यांचा शिक्काही मारलेला होता. फक्त तारखेची जागा कोरी होती. कागद घड्यांवर मळला होता.

ओतोकु आजींनी मान वाकडी करून वाचलं. "हे कधी लिहिलंस रे?"

"ऑगस्टमध्ये," ते म्हणाले. "ती कामावर परत आली त्या दिवशी. मला वाटलं, ती मागेल."

"आणि तेव्हापासून तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?" आजींचे हात दोन्ही कुंड्यांत चालूच होते. "तुला मी पाठीवर घेऊन फिरवलाय, हिराबायाशी. तेव्हा भूक लागली की आख्खं गाव डोक्यावर घ्यायचास. मोठा झालास आणि सगळं विसरलास."

बायका हसल्या. हिराबायाशी लाल झाले, खिशातून पेन काढलं, तिथेच भिंतीवर कागद धरून तारीख घातली आणि योशिनोला दोन्ही हातांनी दिला. तिने दोन्ही हातांनी घेतला. मग दोघं एकमेकांची माफी मागू लागले. ते किती वेळ चाललं असतं कोण जाणे, पण ताकेजिने मधेच अशी किंकाळी मारली की दोघं गप्प झाले.

पाजायला जागा दिली ती कोषांच्या कोठारात. तिथे ऊब असायची, कोष कोरडे राहावेत म्हणून. छतापर्यंत रचलेल्या पोत्यांमध्ये मधेच एखादं फाटलेलं, आणि त्यातून कोष जमिनीवर सांडलेले, जणू घरातच बर्फ पडलंय.

दहाची मधली सुट्टी आमच्या शाळेत तेव्हापासून कायम झाली. घंटा द्यायचं काम गेंझोने मागून घेतलं. तो म्हणायचा, "बाई, घंटा एक मिनिट आधी दिली तर कायदा मोडतो का?" मी म्हणायचे, मोडत नाही. मग तो दोन मिनिटं आधी द्यायचा, आणि मित्सुए उतारावरून पळत सुटायची. तीनला शाळाच सुटायची. जानेवारीत तळं गोठलं तेव्हा परिचारिका पुन्हा आली. काटा हलला. फार नाही, पण हलला. तिने वजन वहीत लिहिलं आणि त्याखाली एक जाड रेघ ओढली.

एकदा मी कोठारात डोकावले. वरच्या झरोक्यातून तळ्यावरचा पांढरा उजेड आत येत होता. योशिनो पोत्याला टेकून झोपली होती, तोंड किंचित उघडं. सुरकुतलेली पांढरी बोटं बाळाच्या पाठीवर. ताकेजिही झोपला होता, ओठांच्या कोपऱ्यात दुधाचा थेंब घेऊन. बाहेर रहाट गुणगुणत होते, आणि त्यांत एक रहाट ओतोकु आजी योशिनोसाठी फिरवत होत्या.

मित्सुए तेवढी जागी होती. पाठीवर ओझं नव्हतं, तरी बसल्या बसल्या डुलत होती. मांडीवर मोमोसे आजोबांचं खिशातलं घड्याळ, त्यांनी तिला रोज अर्ध्या तासापुरतं दिलेलं. मला विचारायचं होतं, मग कुणाचा निघाला गं हा अर्धा तास, आईचा की बाळाचा? मी तोंड उघडलं.

तिने ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, बोलू नका," ती कुजबुजली. "अजून अकरा मिनिटं आहेत."